माफी मागायचा शनिवार

माझ्या सहा वर्षांच्या मुलीने माफ केलं नाही, म्हणून माझ्या सासूबाई त्या रविवारी प्रभुभोजनाला उठल्याच नाहीत.

अख्ख्या चर्चसमोर. तिसऱ्या बाकावर तशाच बसून राहिल्या.

आज आईंना जाऊन एक वर्ष झालं.

त्यांच्या गाण्याबद्दल, त्यांच्या हातच्या केकबद्दल बाकीचे लिहितीलच. मला तो रविवार लिहायचाय. सात वर्षं झाली, अजून मनातून जात नाही.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या आठवणीत सगळे पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षारस घेतात. आदल्या संध्याकाळी आई माझ्या मुलीला, रिबूला, समोर बसवायच्या. मुलुंडच्या आमच्या एवढ्याशा हॉलमध्ये, टीव्ही बंद करून.

बायबलची गोष्ट नंतर. आधी प्रश्न.

“या महिन्यात मी तुला कुठे दुखावलं का गं?”

रिबूची लिस्ट तयारच असायची.

“तू मला न विचारता भेंडी वाढलीस. आणि माझं ड्रॉइंग न बघताच छान म्हणालीस.”

आई सगळं ऐकून घ्यायच्या. मग म्हणायच्या, “चुकलं माझं. माफ करशील?”

त्यानंतर माझा आणि नवऱ्याचा नंबर. आम्ही “सॉरी हं बेटा” म्हणून मोकळे.

एकदा मी म्हटलं, “आई, माफी मागायला मुलांना शिकवायचं असतं ना? तुमचं उलटंच आहे.”

“आधी तिला बघू तर दे, कशी मागतात ती.”

तर, तो महिना.

रिबू तेव्हा झोपेत अंथरूण ओलं करायची. तिला त्याची भयंकर लाज. आईंनी बोलता बोलता फोनवर आपल्या मुलीला, म्हणजे रिबूच्या आत्याला, ते सांगितलं. आत्या कांजूरमार्गला राहते. रिबूच्या वाढदिवसाला आली आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाली, “काय मॅडम, गादी वाळली का?”

पोरं खिदळली. रिबू बाथरूममध्ये जाऊन बसली. केक तिच्याशिवायच कापावा लागला.

शनिवारी आईंनी माफी मागितली.

रिबू म्हणाली, “नाही.”

“बरं,” आई म्हणाल्या. एवढंच.

ज्याला दुखावलं त्याच्याशी समेट झाल्याशिवाय प्रभुभोजनाला पुढे जायचं नाही, हा आईंचा नियम. आणि त्या नियमाच्या पक्क्या. त्यामुळे रविवारी चर्चला जाताना रिक्षात मला प्रचंड टेन्शन. मी रिबूचा दंड धरला.

“आजीला माफ केलं म्हण पटकन. नाहीतर येशू रागावेल तुझ्यावर.”

आई माझ्याकडे वळल्या.

“त्याचं नाव घेऊन तिला घाबरवू नकोस गं. तिला दुखावलंय मी. तो तिच्यावर कशाला रागावेल?”

मला लागलं. रिक्षावाला ऐकत होता, त्याचंच जास्त लागलं.

चर्चमध्ये एकेक रांग उठून पुढे जायला लागली. आई बसून. मागून एक काकू कुजबुजल्या, “बाईंना बरं नाही का?”

मी मात्र गेले. गुडघे टेकले, भाकर घेतली, द्राक्षारस घेतला.

तासाभरापूर्वी मी पोरीला धमकावलं होतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. डोक्यात एकच. लोक काय म्हणतील.

घरी येऊन मी भांडले.

“सहा वर्षांची आहे ती, आई! आपल्यामुळे आजीला भाकर मिळाली नाही, हे ओझं कशाला तिच्या डोक्यावर?”

माझं हे म्हणणं अगदीच चूक होतं, असं मला आजही वाटत नाही.

आईंनाही वाटलं नाही. “ओझं आहे, खरंय,” त्या म्हणाल्या. “पण तिला नाही म्हणता येत नसेल, तर ती माफी कसली?”

मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्याच आठवड्यात त्यांनी रिबूच्या आत्याला फोन लावला. रिबू तिथेच चित्र रंगवत होती.

“ती गोष्ट माझी नव्हती, मी सांगायला नको होती. आणि तू पोरांसमोर बोललीस ते वाईट केलंस. तुझं तू बघ. माझं मी निस्तरतेय.”

रिबूकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुन्हा माफीही मागितली नाही.

तीनेक आठवड्यांनी दोघी मटार सोलत होत्या. रिबू मान वर न करता म्हणाली, “आजी, आता तू जा.”

“कुठे गं?”

“पुढे. भाकर खायला.”

आई पदराने चेहरा पुसत राहिल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तिथूनच परत फिरले.

आज सकाळी आईंच्या कबरीवर फुलं ठेवून आलो. रिबू आता तेरा वर्षांची आहे. परतताना मी तिला विचारलं.

“तेव्हा रिक्षात मी काय म्हणाले होते, आठवतं?”

“येशू रागावेल. आठवतं ना.”

“खरं वाटलं होतं तुला?”

“खूप दिवस. प्रार्थनेला मी डोळे मिटायचेच नाही. वाटायचं, मिटले की तो समोर चिडून उभा असेल.”

सात वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

“मग?”

“मग आजीला सांगितलं. ती म्हणाली, तो नाही गं रागावला, तुझी मम्मी घाबरली होती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“मी आजीला म्हटलं होतं, मम्मीला सांगू नको. ती म्हणाली, नाही सांगणार. पण मम्मी कधीतरी स्वतःच विचारेल बघ.”

आईंनी खरंच सांगितलं नाही. शेवटपर्यंत.

मी तिथेच रिबूची माफी मागितली. काय चुकलं त्याचं नाव घेऊन, पहिल्यांदाच.

ती म्हणाली, “विचार करून सांगते.”

सांग, रिबू. घाई नाही.

आई, तुमची माफी मागायची मात्र राहूनच गेली. तुमच्यापेक्षा लोकांची काळजी केली, आठवडाभर तुमच्याशी धड बोलले नाही, त्याची माफी आज इथे, सगळ्यांसमोर मागते.

ख्रिस्तात विसावा घ्या.