दुपट्ट्याखाली दिलेला हात

रिसोडच्या गुरांच्या बाजारातल्या एका म्हाताऱ्या दलालाला त्याच्या मुलाने आणि गावातल्या डॉक्टरने फसवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात उलटेच सांगितले जाते.

तुम्ही कधी बैल घेतला असेल, तर दलालाचे काम तुम्हाला ठाऊक आहे. हातात हात घ्यायचा, वरून दुपट्टा टाकायचा आणि आत बोटे दाबून भाव ठरवायचा. बाहेरच्याला काही दिसत नाही. त्या म्हाताऱ्या दलालाला आम्ही बाजारातले सगळे काका म्हणायचो. त्यांचा दुपट्टा मळका, पण शब्द पक्का. कोणी मोठ्याने भाव बोलू लागला की ते म्हणायचे, "हात बोलते न बाप्पा, तोंड कायले शिणवतं?"

मी हमाली करून वर आलो आणि बैलांच्या व्यापारात पडलो. एकेका बैलापायी बाजार डोक्यावर घ्यायचो. काका म्हणायचे, "तू तं यमासंगं बी भाव करशीन."

काकांच्या बायकोला, काकूला, शेवटच्या आजारात अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले होते. नाकात नळी, हात खाटेला बांधलेले. ती पाणी मागत होती आणि काकांना ते द्यायची परवानगी नव्हती. ती तिथेच गेली. त्यानंतर काका बरेच दिवस बाजारात आले नाहीत. आले ते थेट माझ्या ओट्यावर. माझा हात धरला, दुपट्टा टाकला.

"मी आता उठत नाही असं दिसलं, तं मले अकोल्याले न्यायचं नाही. नाकात नळी नाही. हात बांधायचे नाही." प्रत्येक गोष्टीला एकेक बोट दाबले.

सवयीने मी घासाघीस केली. "अन् नेल्यावर बरे झाले तं?"

"बरा होत असन तं ने ना! म्या कुठं नाही म्हनलं? बरा होत नसन तवाचं सांगून राह्यलो."

"मंग स्टॅम्पावर लिहा, काका."

"एवढे बैल इकले, एकाचा तरी कागद केला काय?"

मी त्यांची बोटे घट्ट धरली. भाव न पाडता केलेला माझा तो एकच सौदा. तिथून ते हाच शब्द घ्यायला डॉक्टरकडे गेले, मग घरी मुलाकडे. दुसऱ्या दिवशी मला हसत म्हणाले, "पोरगा रडला, पन हात देल्ला."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. वाचा गेली, गिळता येईना. आता काही उरले नाही, असे डॉक्टर स्वतः म्हणाला. तरी दारात जीप उभी राहिली. मी तिच्यापुढे आडवा झालो.

"तू हात देल्ला होता न बे?"

"कोनं पाह्यलं?" मुलगा म्हणाला. "अन् घरी मेले तं सोयरे मले काय म्हनतीन? पैशापायी बाप मारला?"

मी डॉक्टरकडे वळलो. तो बॅग बंद करत होता. "अहो, म्हातारा माणूस. त्याचं मन राखायला हात दिला मी."

मन राखायला! बाजारात असे कोणी केले असते, तर त्याला पुन्हा कोणी शेळीसुद्धा विकली नसती.

जीप काकांना घेऊन गेलीच. मागोमाग एसटीने मी अकोल्याला गेलो. काकांचे दोन्ही हात पट्टीने खाटेच्या लोखंडाला बांधलेले होते. मला बघून ते मूठ उघडझाप करू लागले. मी गाठ सोडायला गेलो, तर नर्स ओरडली, "तुम्ही कोण यांचे?" काय सांगणार? बैलांचे गिऱ्हाईक? मला बाहेर काढले. काका तिथेच गेले, त्याच खाटेवर.

तेरवीला बुंदी होती. "बापासाठी पोरानं काही कमी नाही केलं," म्हणत लोक जेवत होते. मी पानावरून उठलो.

मुलगा आता मला पाहून रस्ता बदलतो. डॉक्टर लांबून नमस्कार करतो. मला नमस्कार नको. त्या माणसाने तुम्हा दोघांकडे काही करा म्हणून मागितले नव्हते, करू नका एवढेच मागितले होते. मग ते सगळे कोणासाठी केलेत? दोघांपैकी एकाने तरी माझ्यासमोर उभे राहून उत्तर द्या.