एका दमात इंग्रजी

भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वडगावच्या कचेरीत एका इंग्रजी अर्जाची नक्कल करत बसलो होतो. रडू यायच्या आधी मला राग आला, हे कबूल करतो. भाऊ म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, कार्ल्याचा. त्याचं एका माणसाशी पंचवीस वर्षांचं भांडण होतं आणि ते अर्धं टाकून तो निघून गेला...

तो माणूस म्हणजे लोणावळ्याच्या शाळेतले आमचे इंग्रजीचे मास्तर. क्रियापदांची रूपं सांगताना भाऊ अडखळला, तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गासमोर त्याचं दप्तर दाराबाहेर ठेवलं आणि म्हणाले, "जा, भात लाव. तुमच्या घराण्याला इंग्रजी यायचं नाही." भाऊ गेला, त्याने भात लावलाही, पण ते वाक्य काही त्याच्या गळ्याखाली उतरलं नाही. मास्तरांनी एकदा तरी 'माझं चुकलं' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी त्याने आम्हा चार धाकट्या भावांना हत्यारासारखं परजलं. त्यातलं सर्वांत बोथट हत्यार मी.

लोणावळ्याला रेल्वेच्या साहेबांचं खेळाचं मैदान होतं. तिथे रोलर ओढायच्या कामाला भाऊ लागला. साहेब लोक खेळताना ओरडत ते शब्द... रन, थ्रो, कॅच, होल्ड... तो ध्यानात ठेवी, त्यांची रूपं आपल्या जुन्या पुस्तकात शोधी आणि रविवारी, कापणी झालेल्या खाचरात, आम्हाला हुतूतूला उभं करी. नियम त्याचा स्वतःचा. पलीकडे घुसणाऱ्याने 'हुतूतू' म्हणायचं नाही. क्रियापदाची तीन रूपं म्हणायची, एका दमात, परत रेषेला हात लागेपर्यंत. रूप चुकलं तरी बाद, दम तुटला तरी बाद. "भाऊ, 'ब्रिंग' लय अवघड हाय," मी कुरकुरे. "मंग पळ जोरात. अडला त्याला धरत्यात," तो म्हणे. मला दर वेळी धरत. 'फॉल, फेल, फॉलन' तेवढं मला कोणी शिकवावं लागलं नाही.

एक गोष्ट मात्र भाऊच्या ध्यानात आली नाही. आम्ही सगळं पायांनी पाठ केलं होतं. तपासणीला पुण्याहून साहेब आले. नापास होईल त्याचं नाव शाळेतून काढणार, असं मास्तरांनी आधीच बजावलेलं. साहेबांसमोर मास्तरांनी नेमकं मलाच उठवलं आणि 'थ्रो' विचारलं. उभ्या उभ्या मला काही म्हणता काही येईना. मास्तर साहेबांकडे वळून हसले. "हा त्या भात लावणाऱ्याचा भाऊ," म्हणाले. ते ऐकलं मात्र, मी मांडीवर थाप मारली, 'थ्रो, थ्रू, थ्रोन' घोकत बाकांमधून धावत सुटलो, मास्तरांच्या कोटाला शिवलो आणि दम न सोडता जागेवर परतलो. साहेबांना हसू आवरेना. त्यांनी मला आणखी सहा क्रियापदांवर पळवलं आणि पास केलं. साहेबांची पाठ वळताच मास्तरांनी माझ्या हातावर बारा छड्या मोजल्या. घरी भाऊने हात पाहिलेच नाहीत.

"शिवलास?"

"व्हय."

"परत आलास?"

"आलो की."

"मंग मास्तर बाद," तो म्हणाला.

पण तेवढ्याने त्याचं भागलं नाही. पास झाल्यावर मास्तरांना पेढे द्यायची रीत. आमच्यातला कोणीही पास झाला की पेढे घेऊन भाऊ जाई, धुवट धोतर नेसून. पास झाल्याचे पेढे कोणी नाकारत नाही. मास्तर एक उचलत, आणि तो खाऊन होईपर्यंत भाऊ हात जोडून दारात उभा राही, एक शब्द न बोलता. आमच्या शाळा संपल्या, मग आमची मुलं शिकू लागली, तरी पेढे चालूच. मास्तर खात, चुकलं मात्र म्हणत नसत.

गेल्या आठवड्यात माझा मुलगा मॅट्रिक झाला. या वेळी पेढे घेऊन मीच गेलो. मास्तर आता वाकलेत, दिसतंही कमी. माझ्या मागे दाराकडे पाहत म्हणाले, "तो कुठाय?"

"भाऊ गेला, मास्तर. सहा आठवडे झाले."

पेढा त्यांच्या हातातच राहिला. म्हणाले, "माझं चुकलं रे त्याच्या बाबतीत. दर वेळी सांगेन म्हणायचो..."

ज्या वाक्यासाठी भाऊने इतके उंबरठे झिजवले, तोही एकच उंबरठा, ते शेवटी माझ्या कानांवर पडलं. मला त्याचा काय उपयोग? 'जाऊ द्या, मास्तर' म्हणणं शोभलं असतं. घरी बायकोही नंतर तेच म्हणाली. मी म्हणालो नाही. "पेढा खा, मास्तर," म्हणालो आणि हात जोडून उभा राहिलो, शेवटचा कण संपेपर्यंत.

निघताना त्यांनी विचारलं, "आता झालं ना?"

"धाकटी अजून इंग्रजी दुसरीत आहे," मी सांगितलं.

मास्तरांना उदंड आयुष्य लाभो.