शेवटची मंजुरी साहेबांची

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी चहाचा कप खाली ठेवा. कारण हा गाढवपणा शंभर टक्के माझा स्वतःचा आहे!

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी. ग्रामपंचायती कागदमुक्त करायचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या अंगात वारंच शिरलं हो! सगळे दाखले कॉम्प्युटरवर. कोरे फॉर्म, शिक्के कपाटात बंद. वर हौसेनं एक पायरी वाढवली, शेवटची मंजुरी माझी. कुणी मागितली होती? कुणीच नाही!

एका गावात उद्घाटन ठेवलं. तासभर भाषण ठोकलं, माझ्याच फोनवर त्याचं शूटिंग करवलं, फोनची बॅटरी संपली. तेवढ्यात एक आजी पुढे आली.

"साहेब, मन्ही नातना दाखला भेटी ना? हॉस्टेलनी आज शेवटली तारीख शे. पाच वाजापर्यंत धाडना पडी, नही तं पोरगीनं वरीस वाया जाई."

"दोन मिनिटांत, आजी!" मी ग्रामसेवकावर कडाडलो, "भाऊसाहेब, कुणाकडे अडकलाय हिचा दाखला?"

त्यानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "साहेब... तुमच्याकडेच."

बरं, मंजुरीला ओटीपी लागतो. तो कुठे जातो? बायकोच्या मोबाईलवर! माझा नंबर दुसऱ्या लॉगिनला होता, म्हणून मीच तिचा टाकला होता. आणि बायको माहेरी, म्हसावदला.

ग्रामसेवकाचा फोन घेतला. त्याचा नुसता स्पीकरच चालायचा. आता गंमत बघा, घरी आम्ही अहिराणी बोलतो. पण चार लोकांत साहेबानं कसं बोलायचं? मी शुद्ध मराठीत म्हणालो, "हॅलो, तुझ्या मोबाईलवर एक ओटीपी आला असेल, तो जरा सांग."

"कोन रे तू? मन्हा मालक असं बोलतस का? त्यासनीच सांगेल शे, त्यासना आवाज ऊना तरी ओटीपी देवाना नही. चोरटा आवाजबी काढतस!"

खटकन फोन बंद. हे ज्ञान तिला कुणी पाजलं? मीच!

पुन्हा ओटीपी, पुन्हा फोन, पुन्हा शिव्या. पावणेपाच झाले. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, मला फार लाज वाटली. रुबाब गेला चुलीत! मी ओरडलो, "अवं, मीच शे वं! सांग ना तो नंबर!"

"मंग सांगा, तुम्हना मोबाईलना रिचार्ज कोन मारी देस?"

सरपंच, शिपाई, सगळं ऑफिस जवळ सरकलं. सगळ्यांचे कान फोनकडे.

"सांगा ना!"

"शेजारनी... सुमनकाकू. माले जमत नही."

लगेच ओटीपी मिळाला! पाचाला तीन मिनिटं कमी असताना ग्रामसेवकानं दाखला हॉस्टेलकडे पाठवला. मी घाम पुसला.

आजीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग ग्रामसेवकाला हळूच विचारलं, "भाऊसाहेब, पुढला दाखलाले मी सीधी त्या सुमनकाकूकडेच गऊ तं चाली का?"