मोनिकामावशींना मुलगा आहे

देवाच्या कामासाठी चार शब्द तिखटमीठ लावून लिहिले तर ते पाप की पुण्य, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. आमच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या लोकांनी चालवलेल्या एका लहानशा वृद्धाश्रमाचं लिखापढीचं काम मी निवृत्तीनंतर पाहतो. सात म्हाताऱ्या बाया तिथे राहतात. दोन खोल्यांचा स्लॅब गळत होता, प्लॅस्टरचे पोपडे खाटांवर पडत होते आणि डागडुजी झाली नसती तर त्यांना दुसरीकडे हलवावं लागलं असतं. मी रोज प्रार्थना करत होतो, पण खरं सांगायचं तर माझा भरवसा देवापेक्षा देणगीच्या पत्रकावर जास्त होता.

पत्रकासाठी मी मोनिकामावशींचा फोटो निवडला. मावशी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. त्यांनी उभा जन्म धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारला. आता गुडघे गेले, उठवायला दोन माणसं लागतात आणि मुलगा-सून दोघंही दिवसभर कामावर, म्हणून त्या आश्रमात आल्या. नर्सने डोळ्यांत औषध घातलं होतं, पाणी गालांवर ओघळलं होतं, नेमका तेव्हा मी फोटो काढला. खाली लिहिलं, 'निराधार. वाट पाहायलाही कोणी नाही.' त्यांचा मुलगा पास्कू रोज दुपारी येऊन आईला आपल्या हाताने भरवतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पत्रक मोबाइलवरून आखातापर्यंत गेलं आणि देणग्या येऊ लागल्या. मी चर्चमध्ये जाऊन आभाराची मेणबत्तीही लावली. आज ते आठवलं की लाज वाटते.

मग पास्कू यायचा बंद झाला. धक्क्यावर कोणीतरी त्याला पत्रक दाखवून विचारलं होतं, "आयशीला वाऱ्यावर सोडलंस काय रं?" तो कोणाशी भांडला नाही, फक्त आश्रमाकडे फिरकला नाही. मावशी दाराकडे बघत राहायच्या, ताट तसंच परत जायचं. कारण माझ्या कानावर आलं होतं, तरी माझं तोंड उघडेना. खरं सांगावं तर स्लॅबचं काम अडतं, गप्प बसावं तर म्हातारी डोळ्यांदेखत खंगते.

अशात एका रविवारी विरारहून एक अनोळखी बाई आली. हिंदू, नोकरी करणारी, चाळिशीची. पत्रक तिला कोणीतरी पाठवलं होतं. "माझी आई गेल्या वर्षी गेली," ती मला म्हणाली. "यांना कोणी नाही ना, मी दर रविवारी यांच्याजवळ बसत जाईन." मावशींनी तिच्याकडून पत्रक वाचून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"बाबा, शिळी मासळी ताजी म्हनून पुकारली, तर उद्या पाटीजवळ कोन उभं राहील? आन् माझा पोर तू जित्तेपनी मारलास. आता तो येत नाय."

मी खाली मान घातली. ती बाई आता संतापून निघून जाईल, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "यांना मुलगा आहे, हे ऐकून बरं वाटलं मला. ज्यांना खरंच कोणी नसेल त्यांच्याजवळ मी बसेन. तुम्ही मात्र त्याला परत आणा." तिच्या आवाजात राग नव्हता. मला रडू आलं. त्या क्षणी प्रभू माझ्याशी बोलला, असं मी मानतो. कोणी हसलं तर हसो.

चर्चच्या सणाला मिस्सेच्या प्रार्थनेनंतर आमच्याकडे अर्पण केलेल्या पहिल्या पिकाचा लिलाव होतो आणि माईक दरवर्षी माझ्या हाती असतो. त्या वर्षी केळीचा घड उचलण्याआधी मी सगळं सांगून टाकलं. डोळ्यांतल्या औषधाचंही सांगितलं. ज्यांना देणगी परत हवी असेल त्यांनी मागावी, असंही म्हणालो. काहींनी मागितली. लिलाव थंडच झाला. एकाच खोलीचा स्लॅब होऊ शकला आणि दुसऱ्या खोलीतल्या खाटा आम्ही तिथेच दाटीवाटीने लावल्या, पण कोणाला हलवावं लागलं नाही.

संध्याकाळी पाचूबंदरला जाऊन मी पास्कूची माफी मागितली. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "माईकवर बोललास ते आयकलं." दुसऱ्या दिवशी दुपारी तो आईजवळ बसलेला दिसला.

नवं पत्रक मावशींनीच सांगितलं. आधी केस विंचरून घेतले, पास्कूला शेजारी बसवलं, मग मला म्हणाल्या, "लिही. मी मोनिका. मला पोर हाय, सून हाय, गुडघे नाय. खोली गळते. द्यायचं तर द्या."

देणग्या पूर्वीपेक्षा कमी येतात, पण येतात. दुसरी खोली अजून व्हायची आहे. तिची काळजी देवावर सोपवून मी निवांत झोपतो. माझ्यासारख्या हट्टी माणसाला त्याने दुसऱ्या धर्माची एक बाई पाठवून ताळ्यावर आणलं, याचं ऋण माझ्याच्याने फिटणार नाही. पास्कू अजून माझ्याशी बोलत नाही. आईला मात्र रोज भरवतो.