डेलरावांचा अर्ज आणि अठरा यार्ड

विषय : श्री. डेल (डॉ. सबनीस यांचे जावई) यांना मंडळाचे सभासद करून घेणेबाबत.

संदर्भ : नियम सात, पोटकलम आ. "अर्जदार मराठी भाषिक नसल्यास त्याचे विशेष कर्तृत्व असावे."

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी एकतीस वर्षं इथे लंडनमध्ये एका कौन्सिलच्या कचेरीत कारकुनी केली आणि एवढंच शिकलो: मंजूर झालेल्या अर्जाचे किस्से होत नाहीत. शिक्का बसला की तो अर्ज फाईलमध्ये जाऊन झोपतो. किस्से साठतात ते पडून राहिलेल्या अर्जाभोवती. रिटायर झाल्यावर स्टॅनमोरच्या आमच्या मंडळाने मला कार्यवृत्त लिहायला बसवलं, त्यामुळे डेलरावांची फाईल माझ्याकडे आली. ती आता चांगलीच जाड झाली आहे. अर्ज त्यात एकच आहे.

डेलराव हे अमेरिकन गृहस्थ. सहा फूट चार इंच. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा वर्षं व्यावसायिक क्वार्टरबॅक होते. डॉक्टर सबनीसांच्या मेधाशी लग्न करून इकडे स्थायिक झाले. गेले नऊ गणपती ते छातीवर 'पाहुणे' असा बिल्ला लावून हॉलच्या कडेला उभे राहतात. त्यांना एकच हवं आहे, गणपती उचलायला. आमच्या विम्याच्या कागदात मात्र लिहिलंय की मूर्ती फक्त सभासदांनीच उचलायची. आणि आमच्या सभासदांची परिस्थिती अशी की, खुर्चीतून स्वतःला उचललं तरी आम्ही दोन मिनिटं त्याबद्दल बोलतो.

*

पहिल्या मीटिंगला मी अर्ज वाचून दाखवला. 'क्रीडाप्रकार : फुटबॉल' म्हटल्याबरोबर सगळे सरसावून बसले. सचिव खरे यांनी लंडनमधल्या कुठल्या क्लबात, असं विचारलं. हा फुटबॉल तो नव्हे, यात चेंडू हातात धरतात, असं मी सांगितल्यावर खऱ्यांचा चेहरा पडला.

"पाय लावायचाच नाही, तर फुटबॉल कसला?"

डॉक्टर सबनीस ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं, पण हवं ते येतं. ते म्हणाले, "खरे, तुम्ही जन्मभर ड्राय क्लीनिंगचं दुकान चालवलंत. ते तरी कधी ड्राय होतं का?"

हा मुद्दा मी कार्यवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असा नोंदवला.

*

विशेष कर्तृत्व सिद्ध करायचं म्हणजे कारकिर्दीचा तक्ता जोडायला हवा. मेधाने इंग्रजीतला काढून दिला आणि मी त्याचं मराठी केलं. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, त्याला पास म्हणतात. आपल्या माणसाने झेलला तर पास पूर्ण, नाही तर अपूर्ण. इथवर ठीक. पण तक्त्यात जागा कमी होती, म्हणून मी 'पास' आणि 'नापास' असे दोन रकाने पाडले.

अध्यक्ष पाटणकरबाई नाशिकला शाळेत शिकवायच्या. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही आकडे पाहिले आणि मनातल्या मनात टक्केवारी काढली.

"साठच्या जरासं आत. फर्स्ट क्लास हुकला बिचाऱ्याचा."

या खेळात हे वाईट नव्हे, असं डॉक्टर समजावत होते. खरे म्हणाले, "आमच्या वेळी साठच्या आतली मुलं क्लार्क व्हायची."

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी लिहीत होतो. तेही लिहून घेतलं.

*

त्याच तक्त्यातल्या एका रकान्याला मला मराठी शब्द सापडला नव्हता, म्हणून तो इंग्रजीच ठेवला होता. 'सॅक्ड'. खऱ्यांनी बोट ठेवून वाचलं आणि आवाज खाली आणला.

"अहो, या माणसाला शंभरावर वेळा सॅक केलंय."

सगळ्यांनी तक्ता जवळ ओढला. या देशात माणसाला एकदा सॅक केलं तरी घरचे लोक वर्षभर 'सध्या घरूनच काम करतोय' म्हणून सांगतात. शंभर वेळा म्हणजे काय, याचा अंदाज कुणाला येईना. शेवटी बाहेर बसलेल्या डेलरावांनाच आत बोलावलं. त्यांनी सांगितलं, या खेळात सॅक म्हणजे नोकरी जाणं नव्हे. चेंडू हातात असताना समोरचे तीन-चार जण अंगावर येऊन आडवं पाडतात, ते सॅक.

पाटणकरबाईंनी सुस्कारा सोडला. "मग नोकरीवरून काढण्यापेक्षा बरंच की."

डेलराव प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "नोकरीवरून पण काढला. पाच वेळा."

पाच टीम झाल्या. प्रत्येक वेळी सकाळी निरोप यायचा, कोच बोलावतोय, येताना डावपेचांचं पुस्तक घेऊन ये. पुस्तक परत मागितलं की समजायचं. आमच्या कचेरीत दाराचा पास परत मागायचे. पद्धत तीच.

*

पुढच्या मीटिंगला खऱ्यांनी नवा मुद्दा काढला. पाच टीम आणि अकरा वर्षं, तर सामने इतके कमी कसे?

डेलराव म्हणाले, मी राखीव होतो. मुख्य खेळाडू खेळायचा आणि मी बाजूला क्लिपबोर्ड घेऊन उभा राहायचो. कुठला डाव टाकला, किती यार्ड गेला, सगळं लिहायचो.

"आणि बाकीचा वेळ काय करायचात?"

डेलरावांनी विचार केला. मग मराठीत, एकेक शब्द मांडत म्हणाले, "मी तयार असायचो."

मी पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षांत मीही याहून फारसं वेगळं काही केलं नव्हतं, पण फॉर्मवर तसं लिहायची माझी छाती झाली नसती.

पाटणकरबाईंनी विचारलं, एखादा तरी मोठा दिवस असेल ना? होता. मुख्य खेळाडूचा खांदा निखळला आणि शेवटच्या मिनिटाला यांना आत पाठवलं. यांनी चेंडू घेतला, वळले आणि शेजारून पळणाऱ्या गड्याच्या पोटाशी दिला. तो गडी पार मैदानाच्या टोकापर्यंत पळाला. सामना जिंकला.

"मग हे तक्त्यात कुठंय?"

"नाही ना. चेंडू हातात दिला की रन, म्हणजे ती धाव, त्याच्या नावावर जाते. माझ्या नावापुढे शून्य."

"म्हणजे कर्तृत्व म्हणून दाखवायला कागद नाही," खरे म्हणाले. आमच्यात खरा कारकून कोण, असा मला अधूनमधून प्रश्न पडतो.

*

कागद नाही तर प्रात्यक्षिक दाखवा, असं ठरलं. हॉल ज्या शाळेचा, तिच्या कार पार्कमध्ये सगळे जमलो. चेंडू कुणी आणला नव्हता. तसल्या लांबट आकाराची एकच वस्तू हाताशी होती, पूजेचा नारळ.

डेलरावांनी नारळ हातात फिरवून पाहिला. त्यांच्या पंजात तो लिंबासारखा दिसत होता. मेधा कार पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला, कापडी पिशवीचं तोंड उघडून उभी राहिली. नारळ तीन गाड्यांवरून स्वतःभोवती फिरत गेला आणि पिशवीत पडला. मेधाने पिशवी हलवलीसुद्धा नाही.

सगळे पिशवीत डोकावून आले. मग खरे म्हणाले, "शेंडी होती नारळाला. त्याने ग्रिप मिळते."

तरीही त्या संध्याकाळी मंजुरी जवळजवळ झाली होती. पण सह्या करताना खऱ्यांनी आणखी एक शंका काढली आणि ती आजतागायत फाईलला लावलेली आहे. "या गृहस्थांचा धंदाच फेकण्याचा. यांच्या हातात गणपती द्यायचा?"

*

विसर्जनाचा दिवस. हॉलच्या दारापुढे चार पायऱ्या, पुढे फरसबंदी, तिच्या टोकाला भाड्याची व्हॅन. व्हीलचेअरचा उतार दुरुस्तीसाठी बंद होता. सुदृढ सभासद दोघेच हजर होते, डॉक्टर सबनीस आणि मी. 'सुदृढ' हा शब्द खऱ्यांनी विम्याच्या फॉर्मवर लिहिला होता. तो फॉर्म क्लिपबोर्डला लावून, रेशमी झब्ब्यात, खरे पायऱ्यांखाली आमच्या पुढे उभे होते. डेलराव बाजूला गवतावर उभे होते, बिल्ल्यासकट.

मूर्ती दोन फुटी, शाडूची. दुसऱ्या पायरीवर माझ्या उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. मी बसलो. डॉक्टरांच्या हातातून पाट सुटला. गणपती पुढे झुकला, आणि पाटणकरबाईंनी डोळे मिटले.

मी मिटले नाहीत, म्हणून सांगू शकतो. डेलराव गवतावर होते आणि मग नव्हते. मूर्ती त्यांच्या पोटाशी होती, आणि त्याच गिरकीत ती खऱ्यांच्या पोटाशी होती. खऱ्यांचे दोन्ही हात आपोआप तिच्याभोवती मिटले. क्लिपबोर्ड खाली पडला. डेलराव त्यांच्या कानाशी हळूच म्हणाले, "गो."

खरे पळाले. पंचाहत्तर वर्षांचे खरे, ज्यांना मी कधी बससाठीही भरभर चालताना पाहिलं नाही, ते कोपर बाहेर काढून, मान खाली घालून, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून थेट व्हॅनपर्यंत पळाले. मेधाने दार उघडून धरलं होतं. गणपतीच्या मुकुटावरचा एक मणीही हलला नाही.

मी वळून पाहिलं. डेलराव गवतावर आपल्या जागी परत गेले होते. त्यांनी क्लिपबोर्ड उचलला होता आणि त्यावर काहीतरी लिहीत होते.

*

पुढच्या मीटिंगला ठराव आला. 'मूर्ती उतरवताना किंचित तोल गेला असता सचिवांनी प्रसंगावधान राखून ती सुखरूप गाडीपर्यंत नेली, याबद्दल त्यांचे अभिनंदन.' टाळ्या झाल्या. खरे खाली बघत होते. मी म्हटलं, यात एक नाव राहिलं आहे. डॉक्टरही तेच म्हणाले, जरा मोठ्याने.

डेलराव पाहुण्यांच्या खुर्चीवरून म्हणाले, "बरोबर लिहिलंय. रन त्यांचीच आहे."

पाटणकरबाईंनी मग निकाल दिला की हेच विशेष कर्तृत्व धरावं, फक्त नियमाप्रमाणे एक लेखी पुरावा जोडावा. पुरावा आहे. त्या दिवशीच्या फॉर्मच्या पाठीमागे डेलरावांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'सबनीसांच्या हातून सुटला, झेलला. खऱ्यांना दिला. खरे, १८ यार्ड.'

तो कागद खऱ्यांच्या झब्ब्याच्या वरच्या खिशात असतो, चार घड्या घालून. मी तीन वेळा मागितला. पहिल्यांदा म्हणाले, शोधतो. दुसऱ्यांदा म्हणाले, झेरॉक्स करून देतो. तिसऱ्यांदा खिशावर हात ठेवून म्हणाले, "दुसरं काहीही मागा हो."

सदर कागदाअभावी अर्ज प्रलंबित आहे.