आईचा तलाव, सावडीचं नेट

वहिनी नसत्या तर आईचा तलाव गेलाच होता. हे आधी सांगून टाकतो. मला बोलताना भरकटायची सवय आहे, आणि ज्या माणसानं काम केलं त्याचीच गोष्ट शेवटी घाईत उरकली जाते. तसं होऊ नये. वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. माहेर पांढुर्ण्याचं, सासर आमचं, मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यात मोहगावच्या थोडं पुढे. खेळाच्या मशीनमधलं आपल्याला काहीच समजत नाही असं त्या आजही म्हणतात.

मी राहतो तिकडे तमिळनाडूत, होसूरला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मशीनवर उभा असतो. दहावीच्या वर्षी शाळा सोडली, त्यानंतर जिथे काम मिळालं तिथे सरकत सरकत इतका खाली आलो. गावी जायचं म्हणजे आधी नागपूर, तिथून पांढुर्ण्याची गाडी, पुढे बस. एवढ्या प्रवासात दर स्टेशनला मी बॅग चाचपून पाहतो. स्वभावच तसा आहे, काय करणार.

खोलीवरच्या एका सोबत्याकडून मी टीव्हीला जोडायचं खेळाचं एक जुनं मशीन घेतलं होतं. त्यात खेळ घालायचे ते कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून. पगार झाला की एखादा घ्यायचो. मोटारसायकलचा, क्रिकेटचा, आणि स्वस्तात मिळाला म्हणून एक मासे पकडायचा. पण आमच्या खोलीत माणसं जास्त आणि प्लग एकच, त्यामुळे एका सुट्टीत मशीन गावी नेलं ते तिथेच राहिलं.

त्याच सुट्टीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला खाटेवर बसवून ठेवणं म्हणजे वासराला दावं लावण्यासारखं होतं. टीव्हीवरच्या मालिका तिला आवडत नाहीत, सगळ्या बाया घरात दागिने घालून भांडतात म्हणे. म्हणून एका दुपारी मी तिच्या हातात मशीनचं रिमोट दिलं आणि मासे पकडायचा खेळ लावला. एक तलाव, एक नाव, पाण्यात गळ. मासा लागला की ओढायचा. एवढंच.

आता आमची आई मासमच्छी खात नाही. पहिला मासा लागला आणि ती घाबरली. त्याच्या तोंडात गळ रुतला असंन का रे, म्हणाली. मी तिला मासा सोडून द्यायचं बटण दाखवलं. तेवढं तिला पुरलं. पुढे ती रोज बसू लागली. पकडायचा, नीट पाहायचा, सोडून द्यायचा. त्या खेळात सोडल्याचेही गुण मिळतात, त्यामुळे तिची कमाई भावाच्या क्रिकेटपेक्षा जास्त निघाली, आणि हे ती शेजारणींना सांगायला विसरायची नाही.

मी शाळा सोडल्यापासून आईचं माझ्याशी बोलणं म्हणजे जेवला का आणि पोचला का. रागावलेली नव्हती, पण पुढे काय बोलावं हे दोघांनाही सुचायचं नाही. तलावावर मात्र दोघांचे डोळे पाण्याकडे असायचे, एकमेकांकडे पाहावं लागत नव्हतं. असंच एकदा गळ टाकून बसली असताना तिनं विचारलं,

"शाळेत कोणी मारत होतं का तुले?"

मी म्हटलं, नाही. फळ्यावरचं समजायचं नाही आणि समजत नाही म्हणायची लाज वाटायची.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "मले वाटे कोणी मारलं." आणि मासा ओढला.

एवढंच झालं. पण होसूरला परत येताना मी बॅग फारशी चाचपली नाही.

मशीनमध्ये जागा थोडी. दोन खेळ ठेवले की तिसरा काढून टाकावा लागायचा. काढलेला खेळ दुकानात आपल्या नावावर असतोच, पाहिजे तेव्हा पुन्हा उतरवायचा, असंच आमचं चाललेलं. मी गेल्यावर भावाला क्रिकेटसाठी जागा लागली, त्यानं तलाव काढला. आई शेतात जायला लागली होती, त्यामुळे काही दिवस चाललं. मग तिनं विचारायला सुरुवात केली, माझं तळं कधी लावता.

आणि नेमका तेव्हाच मला कंपनीचा मेल आला. इंग्रजी मला अडखळत येतं, पण फोनमध्ये घालून मराठी करून वाचलं. त्या जुन्या मशीनचं दुकान बंद होणार. ठरलेल्या तारखेपर्यंत उतरवून घेतलेले खेळ चालतील, नंतर काही उतरवता येणार नाही. मी ते तीनदा वाचलं. विकत घेतलेली वस्तू दुकान बंद झाल्यावर आपल्या हातून कशी जाते, हे काही डोक्यात बसेना. किराणा दुकान बंद झालं म्हणून घरातली साखर कोणी नेत नाही ना.

घरी फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि तेव्हा मृगाचा बहार व्यापाऱ्याला दिलेला होता, त्याची माणसं तोड करत होती. बाबांनी विचारलं, "झाडं घेतली होती का बहार घेतला होता?"

मला प्रश्नच समजला नाही.

"अरे, व्यापारी आपला बहार घेते. संत्री त्याची, झाडं आपली. ठरल्या तारखेच्या आत त्यानं तोडून न्यावं. नाही नेलं तं आपण का थांबून राहिलो त्याच्यासाठी? तू बहार घेतला बाबू. झाडं त्याईचीच होती."

मागून भावाचा आवाज आला की नववी पास माणसाचा बगीचा हवेतच असते. मला हसू यायला हवं होतं, पण रडू फुटायच्या बेतात होतं. तेवढ्यात वहिनींनी फोन घेतला.

"मंग तोड करू ना, भाऊजी. तारीख गेली नाही ना अजून?"

मी म्हटलं, नाही गेली.

"तं टेन्शन काहून घेऊन राहिले?"

टेन्शन घ्यायला कारणं होती. आमच्या टिनाच्या घरात नेट लंगडत येतं, आणि तलावाचा खेळ इतका मोठा की एका फोनचा कित्येक दिवसांचा डाटा त्यात गुडूप व्हावा. वहिनींचा पहिला विचार माहेरचा. पांढुर्ण्याला त्यांच्या भावाकडे तारेचं नेट आहे. मशीन संत्र्याच्या क्रेटमध्ये तणस घालून बांधलं, बस पकडायची तयारी झाली, आणि तिकडून निरोप आला की रस्ता खोदताना तार तुटली, कधी जोडतील सांगता येत नाही. वहिनींनी क्रेट तसंच उचललं आणि शेजारच्या काकूंच्या स्लॅबवर नेलं, कारण गल्लीत रेंज सगळ्यात बरी तिथे मिळते.

मग त्यांनी जे केलं ते मला सुचलंच नसतं. आमच्याकडे सावड असते. आज सगळ्या बाया मिळून तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी कोणी कोणाला देत नाही, हाताला हात परत करायचा. वहिनींनी नेटची सावड घातली. गल्लीतल्या बायांना सांगितलं, संध्याकाळी ज्याचा जेवढा डाटा उरला असेल तेवढा घेऊन स्लॅबवर या.

आणि बाया आल्या. मी हे सगळं चहाच्या सुट्टीत फोनच्या पडद्यावर पाहत होतो. वर जुन्या लुगड्याचा आडोसा, खाली टिनाच्या पेटीवर टीव्ही, शेजारी फोन ओळीनं मांडलेले. एकाचा डाटा संपला की दुसऱ्याचं नेट जोडायचं, उतरवणं थांबलं तिथून पुढे चालू. पडद्यावर एक पट्टी भरत जाते, तिच्याकडे सगळ्यांचे डोळे, पाण्याच्या टाकीकडे पाहावं तसे. एका काकूंचा फोन लागला की पट्टी हलेचना. दुसरी म्हणाली, हिचा फोनही हिच्यासारखाच, बसला की उठत नाही. त्या काकू उठल्या नाहीतच, पण फोनला मात्र दोन चापट्या मारल्या.

माझी अडचण वेगळी होती. नेट बदललं की मशीन कधीकधी पासवर्ड मागायचं आणि खात्री करायचा आकडा माझ्या फोनवर यायचा. माझी तेव्हा दुपारी सुरू होणारी पाळी होती, आणि कारखान्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणजे आकडा सांगायचा तर चहाच्या सुट्टीतच. त्या आठवड्यात आमच्या गल्लीचं घड्याळ माझ्या चहावर चाललं. भाऊजीचा चहा झाला का, असं बाया एकमेकींना विचारायच्या. आणि मी चहा न पिता आकडे सांगायचो, मग उरलेल्या वेळात विचारत बसायचो, किती झालं, आता किती झालं, मधेच बंद तर नाही ना पडणार. शेवटी वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही चहा प्या. आम्ही सगळ्या इथंच आहो."

तलाव पहिला उतरवला. मग गल्लीला चेव चढला, भावानं मशीनला पेनड्राइव्ह लावून जागा वाढवली आणि माझ्या मोटारसायकलच्या खेळाचीही तोड सुरू झाली. ती पट्टी अर्ध्याच्या वर गेली आणि तारीख उलटली. दुकानाचं पान उघडेनासं झालं. बाया हळहळल्या. बाबा म्हणाले, राह्यलेला माल पाखराईचा. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं फार वाईट वाटेल, पण तसं झालं नाही.

टीव्ही खाली आणून आईसमोर लावला. तिची नाव पूर्वी सोडली होती त्याच काठाला उभी होती, आधीचे गुणही तसेच. तिनं गळ टाकला, मासा लागला, तो नीट निरखला. "हा मागचाच हाय," म्हणाली, "वळखते मले." आणि सोडून दिला.

पुढचं मला वहिनींनी सांगितलं नाही, भावानं सांगितलं. हरभरा सोंगायचे, म्हणजे कापणीचे, दिवस होते. ज्या ज्या घरचा फोन स्लॅबवर आला होता त्या त्या घरच्या हरभऱ्यात वहिनी सोंगायला गेल्या. आपल्या घरचं आटोपून, विळा घेऊन. हरभऱ्याची आंब, त्याच्या पानांवरचा आंबट खार, बोटांच्या चिरांत गेली की काय आग होते, हे सोंगलेल्यालाच माहीत. एका सुट्टीच्या दिवशी मी फोन केला तेव्हा त्यांनी तो कोपरानं उचलला होता आणि मला वाटलं पीठ मळत असतील.

मी म्हटलं, वहिनी, तुमच्यासाठी इकडची साडी पाठवतो, चांगली मिळते. त्या म्हणाल्या, "साडी आणा ना, कोण नाही म्हणते. पण सावड साडीनं फिटत नाही, भाऊजी. लोकं हसतीन."

तेव्हा साडी आणणारच आहे. पण एका वर्षी मी सुट्टी पोळ्याला किंवा दिवाळीला न घेता हरभऱ्याच्या दिवसांत घेणार. पांढुर्ण्याला उतरून सरळ गावी येईन, आणि गल्लीत वहिनींची जिथे जिथे पाळी असेल तिथे त्यांच्या जागी विळा घेऊन मी उभा राहीन. मला सोंगता धड येत नाही, बाया खूप हसतील, हसू देत. तेवढे दिवस वहिनींनी खाटेवर आईशेजारी बसून तलावात गळ टाकायचा. त्यांची सावड मी माझ्या हातानं फेडणार आहे.