औंढ्याला मी हात हलवायला शिकले

वसमतच्या स्टँडवर उतरले तेव्हा माझी पांढरी ओढणी पिवळीधमक झालेली होती. परभणीहून येताना वाटेत एक आजोबा हळदीचं पोतं घेऊन एसटीत चढले, आणि त्या पोत्यावर मी मोठ्या शहाणपणानं माझी व्हायोलिनची पेटी टेकवली. वर ती पुसायला ओढणी घेतली. आजोबा बिचारे ओशाळले.

"हळदच हाय ताई, खराब काहून होईल?" ते म्हणाले. "पेटीत काय नेऊन राहिल्या?"

"व्हायोलिन. औंढ्याला शिबिराला चाललेय."

"वाजवायला शिकायला?"

"नाही, वाजवता येतं. वाजवणाऱ्यांपुढे उभं राहून हात कसे हलवायचे, ते शिकायला."

आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि सभ्यपणे खिडकीबाहेर तोंड केलं. त्यांचं काही चुकलं नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईनं भर मे महिन्यात नाशिकहून इथवर हात हलवायला यावं, हे मलाही पटत नव्हतं.

पण इलाज नव्हता. नाशिकला आमचा बावीस जणांचा वाद्यवृंद आहे. दातार सरांनी तो उभा केला आणि आजवर त्यांनीच चालवला. गेल्या दिवाळीपासून सरांचे हात थरथरतात. वादकांना कळेना की हा ठेका की थरथर. एका संध्याकाळी सर मला म्हणाले, "तू शिकून ये. नाहीतर पावसाळ्याआधी वाद्यं शाळांना वाटून टाकू." मी सव्वीस वर्षं व्हायोलिनच्या दुसऱ्या रांगेत बसलेली. पुढच्याची पाठ दिसली नाही तर मला घाम फुटतो. तरी "हो" म्हणून बसले.

वसमतहून दुसऱ्या एसटीनं औंढा नागनाथ. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं आणि लांबवर बोडके डोंगर. देवळाजवळ प्रसादाच्या दुकानांची गर्दी ओलांडली आणि रिक्षानं सुट्टी लागून रिकाम्या झालेल्या एका शाळेच्या वसतिगृहात पोचले. दहा दिवसांचं निवासी शिबिर तिथंच होतं. शिकणारे आम्ही सहा जण, शिकवणारे सुभेदार खिल्लारे. जवळच्याच वाडीतले. लष्कराच्या बँडचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले आणि गावी परतले.

मी ऐटीत पेटीतून ठेका दाखवायची माझी नवी कोरी छडी काढली. सुभेदारांनी ती हातात तोलली, परत दिली आणि म्हणाले, "ही ठेवा घरी मिरवायला." मग कुंपणातली एक तुराटी (तुरीची वाळलेली काडी) मोडून, सोलून माझ्या हातात दिली. "मोडली तर दुसरी. हिला भ्यायचं न्हाई."

जेवण वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या शांताबाईंचं. ज्वारीची भाकरी, ठेचा आणि येसर (भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ) घालून केलेली आमटी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "तिखट लागलं व्हय?" म्हणत त्यांनी गूळ पुढे केला आणि वर पुन्हा आमटीच वाढली.

खरी गंमत वादकांची होती. सुभेदारांनी वसमतचा लग्नाचा बँड ठरवला होता. अकरा जण, म्होरके गफूरचाचा. पांढरी दाढी, हातात क्लॅरिनेट. पण लग्नसराई ऐन भरात. ज्या दिवशी तिथी (लग्नाचा मुहूर्त) नसेल त्याच दिवशी ते यायचे. दहा दिवसांत असे दिवस तीन. बाकीचे सात दिवस आम्ही अकरा रिकाम्या खुर्च्यांपुढे हात हलवले. खुर्च्या माझं सगळं ऐकायच्या.

तिसऱ्या दिवशी बँड आला. सुभेदारांनी बसवलेली साधीच चाल होती. माझी पाळी आली. सुरुवात बरी झाली, आणि आता आवाज वाढवायचा म्हणून मी डावा हात, पंजा उघडा करून, झोकात वर उचलला.

सगळा बँड जागच्या जागी गप्प.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा त्याच जागी हात वर, पुन्हा सगळे गप्प. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, थांबता कशाला?" मी चिडूनच विचारलं.

"तुमीच थांबवून राहिल्या की, ताई," गफूरचाचा म्हणाले. "वरातीत हात वर झाला की बाजा बंद. नवरदेव मांडवात आला, आता मंगलाष्टकं. त्यावर एक फुंकर जरी गेली तरी नवरीचा मामा अंगावर येतो. चाळीस साल हेच केलं."

सगळे हसले. मीही हसले, पण खोलीत गेल्यावर रडू आलं. सरांना फोन लावला आणि न बोलताच बंद केला. जमलं नाही, एवढंच सांगायचं होतं.

सहाव्या दिवशी बँड दुसऱ्यांदा आला. मी डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवला. आता वादक थांबले नाहीत, पण सुरुवातच एकत्र होईना. प्रत्येक जण आपापल्या वेळेला यायचा. मधल्या सुट्टीत गफूरचाचा चहाचा कप घेऊन शेजारी येऊन बसले.

"ताई, बुरा नका मानू. तुमी दम काहून रोखून धरता?"

"म्हणजे?"

"तुमी श्वासच घेऊन न्हाई राहिल्या. वरातीत समोर माणसं नाचून राहिलेली, धूळ, अंधार. माझी पोरं हाताकडं कुठं बघतेत? मी दम घेतला की तेबी घेतेत. हात मागून येतो. तुमी घ्या, आमी तुमच्यासंगं बराबर घेतो."

सव्वीस वर्षं वाजवून मला हे कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, देव जाणे. चहानंतर उभी राहिले, तुराटी उचलली आणि भरपूर श्वास घेतला. समोर अकरा छात्या एकदम फुलल्या. पहिला सूर असा एका जागी पडला की माझा जीव भांड्यात पडला. गफूरचाचांनी क्लॅरिनेट तोंडातून न काढता मान हलवली.

शेवटच्या दिवशी सकाळी वाडीतली माणसं ऐकायला आली. आम्ही पटांगणात कडुलिंबाखाली. माझी पाळी निम्मी झाली असेल, तोच वावटळ उठली. धूळ, पाचोळा आणि माझे स्वरलेखनाचे कागद सगळे कुंपणापार. अगं बाई! आता गेलं सगळं, असं वाटलं आणि मी श्वास रोखला. बँड तिथल्या तिथं डळमळला. मी गफूरचाचांकडे पाहिलं. त्यांच्या दाढीत पाचोळा अडकलेला, आणि नजर माझ्यावर. मी श्वास घेतला. त्यांनी घेतला. मग पुढचं सगळं आम्ही कागदाशिवाय वाजवलं.

शेवट आला तेव्हा मी डावा हात पाठीमागून काढला आणि पंजा उघडा करून सरळ आभाळाकडे उचलला. अकराही वाद्यं एका क्षणी बंद. असा स्वच्छ शेवट मी कुठंच ऐकला नव्हता.

"लागलं बघा लगीन!" गर्दीतून एक बाई ओरडली. सुभेदार खदाखदा हसले.

निघताना मी वाकून गफूरचाचांच्या पाया पडायला गेले, तर ते दोन पावलं मागं सरले. "काय ताई तुमी! आमी काय शिकवलं? दम तर तुमचाच हाय." शांताबाईंनी येसरची पुडी पिशवीत कोंबली. वसमतला एसटीनं वळण घेतलं तरी हळदीचा वास येत होता, आणि मला या सगळ्यांचं देणं कसं फेडावं ते कळत नव्हतं. आजही कळत नाही.

नाशिकला पहिल्या तालमीला सगळे जण आले. दातार सर मुद्दाम सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. माझ्या हातात तुराटी पाहून कुणीतरी हसलं. मी तुराटी उचलली आणि श्वास घेतला. समोर सगळ्यांनी घेतला. मागे सरांचे हात मांडीवर थरथरत होते, पण श्वास मात्र त्यांनी आमच्याबरोबर अगदी वेळेवर घेतला.